घेतलं तर बिघडतं काय?

साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसाच्या औषधांच्या डब्यात रक्तदाबाची गोळी असते, साखरेची असते, आणि बऱ्याच डब्यांत आता पिवळसर, पारदर्शक, पेरभर लांबीची एक कॅप्सूलही असते. पहिल्या दोन गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या असतात. ही तिसरी बहुतेक वेळा कुणी लिहून दिलेली नसते. ती परदेशातून येणाऱ्या मुलाच्या सामानातून आलेली असते, कुणा परिचितांनी सुचवलेली असते, नाहीतर औषधाच्या दुकानात समोरच मांडलेली म्हणून घेतलेली असते. माशाच्या तेलाची कॅप्सूल, हृदयाला चांगली, एवढीच तिची ओळख. कुणी शंका काढलीच तर उत्तर तयार असतं : घेतलं तर बिघडतं काय? या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह असलं तरी विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. फायदा झाला तर झाला, तोटा तर नक्कीच नाही, असं ठाम विधान त्यात दडलेलं असतं. ‘तोटा नाही’ हा ज्ञानाचा दावा आहे आणि कुठल्याही ज्ञानाच्या दाव्याला प्रमाण लागतं, असं मला या लेखात मांडायचं आहे. एखादी गोष्ट हितकारक आहे असं म्हणणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी आहे हे आपण सहज मान्य करतो. ती निरुपद्रवी आहे असं म्हणणाऱ्याला मात्र आपण विनापुरावा सोडून देतो. ज्याबद्दल आपल्याला माहीत नाही ते निरुपद्रवी मानण्याचा अधिकार आपल्याला आहे का, आणि ते दुसऱ्याच्या, त्यातही म्हाताऱ्या आई-वडिलांच्या तोंडी घालायचं असेल तेव्हा तो अधिकार उरतो का, हा नीतीचा प्रश्न आहे.

ज्यांच्या घरात मासा शिजत नाही त्यांच्यासाठी हा प्रश्न जास्त टोकदार होतो, म्हणून सुरुवात तिथून करतो. माळकरी वारकरी, जैन कुटुंबं, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी राहिलेली माणसं यांच्यापैकीही काहीजण ही कॅप्सूल घेतात आणि मनाची समजूत घालतात की हे अन्न नाही, औषध आहे. या समजुतीला आपल्या परंपरेत आधार आहे, त्याचं नाव आपद्धर्म. पण आपद्धर्माची अट काय, हे छांदोग्य उपनिषदातल्या उषस्ती चाक्रायणाच्या गोष्टीत फार नेमकेपणाने दिसतं. कुरुदेशातली पिकं उद्ध्वस्त झालेली, हा विद्वान ब्राह्मण बायकोसह हत्तीवाल्यांच्या गावात कसाबसा दिवस काढतोय. एक गृहस्थ हलक्या प्रतीचं कडधान्य खात बसलेला दिसतो. उषस्ती त्याच्याकडे मागतो. समोर आहे तेवढंच आहे, दुसरं नाही, असं तो सांगतो, तेव्हा उषस्ती ते उष्टंच घेतो. मग तो गृहस्थ पाणी पुढे करतो आणि उषस्ती नाकारतो, कारण ते उष्टं होईल. दाणे उष्टे नव्हते का, या प्रश्नावर त्याचं उत्तर असं की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मात्र मला हवं तिथे मिळतं. ब्रह्मसूत्रांनीही याच प्रसंगाच्या आधारे ठरवलं की सर्व अन्नाची मुभा प्राण धोक्यात असतील तेवढ्यापुरतीच आहे. एकाच माणसाने, एकाच जागी, एकाच हातून आलेल्या दोन गोष्टींपैकी एक घेतली आणि एक नाकारली. त्याला मिळालेली सवलत गरजेच्या मापाने कापलेली होती, एका घोटानेही सैल नव्हती. तेव्हा ‘औषध आहे’ हा शब्द नुसता उच्चारल्याने सवलत मिळत नाही. ते खरोखर औषध आहे, या माणसासाठी आहे, आणि त्यावाचून अडणार आहे, हे आधी सिद्ध व्हावं लागतं. म्हणजे धर्माचा निर्णय इथे वैद्यकाच्या पुराव्यापाशी येऊन थांबतो. मासे आवडीने खाणाऱ्या माणसापुढे व्रतभंगाचा प्रश्न नाही, पण आपल्या शरीरात रोज एक द्रव्य घालत राहण्याची मुभा कशावर उभी आहे हा प्रश्न त्यालाही तसाच लागू आहे.

मग पुरावा काय सांगतो? या श्रद्धेचा उगम ग्रीनलँडमध्ये आहे. हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी 1970च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावरच्या उम्मन्नाक भागात जाऊन तिथल्या इन्युइट लोकांच्या रक्ताचे नमुने घेतले. सील, व्हेल आणि मासे यांच्या चरबीवर जगणाऱ्या या माणसांना हृदयविकार फारसा होत नाही असं मानलं जात होतं, आणि त्यांच्या रक्तातली मेदद्रव्यं डेन्मार्कमधल्या लोकांपेक्षा वेगळी निघाली. 1971 पासून त्यांचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले आणि समुद्री चरबी व निरोगी हृदय यांची सांगड जगभर पक्की झाली. पुढे 2014 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हे मूळ निबंध पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आलं की बांग आणि डायरबर्ग यांनी इन्युइट लोकांमधल्या हृदयविकाराचं प्रमाण स्वतः मोजलंच नव्हतं. ते त्यांनी सरकारी आरोग्य अहवालांवरून गृहीत धरलं होतं, आणि दूरदूर विखुरलेल्या वस्त्यांमधल्या मृत्यूंच्या त्या नोंदी भरवशाच्या नव्हत्या. 2015 मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली : मेदाम्लांचं चयापचय चालवणाऱ्या जनुकांमध्ये इन्युइट लोकांत पिढ्यान्‌पिढ्यांचे खास बदल झालेले आहेत. त्यांचं शरीर या आहाराशी जुळवून घडलेलं आहे. त्या आहाराने त्यांचं काही भलं होत असलं तरी तो पुण्यातल्या किंवा पणजीतल्या माणसाला तसाच लागू पडेल, हे त्यावरून निघत नाही.

न्यायशास्त्राच्या अभ्यासकाला ही चूक ओळखीची वाटेल. धुरावरून अग्नीचं अनुमान बरोबर ठरतं, पण उलट दिशेने, अग्नीवरून धुराचं, चुकतं. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. चुलीतून धूर निघतो तो सरपण ओलं असल्यामुळे. या ओल्या सरपणाला नैयायिक उपाधी म्हणतात : दिसणाऱ्या संबंधामागे लपून खरं काम करणारी अट. हजार चुली पाहून ‘अग्नी तिथे धूर’ असा नियम बांधणाऱ्याने हजार वेळा ओलं सरपण पाहिलेलं असतं, त्याला ते दिसलेलं नसतं. म्हणून पुन्हा पुन्हा पाहणं, ज्याला ते भूयोदर्शन म्हणतात, व्याप्ती म्हणजे अटळ संबंध सिद्ध करायला पुरेसं नाही. मासे खाणारी, मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल घेणारी माणसं ठणठणीत दिसतात यामागेही ओलं सरपण असू शकतं. जो मासे खातो तो त्या दिवशी मटण खात नाही. जो महागडी कॅप्सूल विकत घेतो त्याच्याकडे पैसा असतो, तो बहुधा सिगारेट ओढत नाही, सकाळी चालायला जातो आणि रक्तदाब वेळेवर तपासून घेतो. यातलं काय काम करतंय हे नुसतं पाहून कळणार नाही. आधुनिक वैद्यकाने उपाधी गाळण्यासाठी एक युक्ती शोधली, आणि मला ती विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या तात्त्विक शोधांपैकी एक वाटते. हजारो माणसं घ्यायची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी करायची, एका गटाला औषध द्यायचं, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पैसा, सवयी, वंश, स्वभाव, एवढंच काय, आपल्याला ठाऊकच नसलेल्या उपाधीही दोन्ही गटांत सारख्याच वाटल्या जातात. नंतर जो फरक उरतो तो औषधाचा.

अशा चाचण्यांचे आरंभीचे निकाल आशादायक होते, हे आधी सांगायला हवं. ब्रिटनमध्ये 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले 2,033 पुरुष होते. ज्यांना तेलकट मासे खायला सांगितलं त्यांच्यात दोन वर्षांतले मृत्यू 29 टक्क्यांनी घटले. इटलीत 1999 मध्ये झटका येऊन गेलेल्या 11,324 रुग्णांच्या चाचणीत दिवसाला माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 मेदाम्लांच्या एक ग्रॅमने मृत्यू, विशेषतः अचानक येणारे मृत्यू, कमी झाले. तिथे दुसऱ्या गटाला खोटी गोळी मात्र दिलेली नव्हती. मग 2003 मध्ये, पहिल्या ब्रिटिश चाचणीचे जे प्रमुख होते त्याच मायकेल बर यांनी छातीत कळा येणाऱ्या 3,114 पुरुषांवरचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात मासे खायला सांगितलेल्यांमध्ये हृदयामुळे होणारे मृत्यू वाढलेले निघाले, कॅप्सूल घेणाऱ्यांत अधिकच. आपल्याच दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या निष्कर्षाविरुद्ध जाणारा निकाल जसाच्या तसा छापणं ही सत्यनिष्ठा आहे, आणि धर्माच्या चर्चेत तिचा उल्लेख व्हायला हवा. त्यानंतर मोठमोठ्या चाचण्या आल्या. 2018 मध्ये मधुमेहाच्या 15,480 रुग्णांवरच्या ब्रिटिश चाचणीत एक ग्रॅमने काही फरक पडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या 25,871 जणांच्या ‘व्हायटल’ चाचणीत, ज्यात पुरुष पन्नाशीपुढचे आणि स्त्रिया पंचावन्नच्या पुढच्या होत्या, मुख्य निकषावर काही फायदा दिसला नाही. झटक्यांची संख्या वेगळी मोजली तेव्हा घट दिसली हे खरं, पण चाचणीचं ते ठरलेलं मुख्य माप नव्हतं.

आता हृदयाच्या ठेक्याकडे येतो, कारण ‘बिघडतं काय’ याचं उत्तर इथे आहे. हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंदं एरवी लयीत आकुंचन पावतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ती नुसती थरथरत राहतात, नाडी बेताल होते. कुणाला धडधड, धाप किंवा थकवा जाणवतो, कुणाला काहीच जाणवत नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. या विकाराने पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. हा मुख्यतः म्हातारपणाचा विकार आहे. पन्नाशीत तो विरळ असतो, ऐंशीच्या पुढे दहांतल्या एकाच्या आसपास माणसांत सापडतो. म्हणजे जे वय कॅप्सूल घेण्याचं, तेच वय या विकाराचंही. माशाच्या तेलातली मेदाम्लं ठेका सुधारतात, बिघडवत नाहीत, अशीच सुरुवातीला अपेक्षा होती. अलेक्झांडर लीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयपेशींवर आणि कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत ही मेदाम्लं ठेका स्थिर ठेवताना दिसली होती. माणसांवरच्या चाचण्यांतून वेगळंच निघालं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 13,078 जणांच्या ‘स्ट्रेंग्थ’ चाचणीत दिवसाला चार ग्रॅम घेणाऱ्यांपैकी 2.2 टक्के लोकांना नव्याने एट्रियल फिब्रिलेशन झालं, मक्याचं तेल घेणाऱ्यांत 1.3 टक्के. नॉर्वेत 70 ते 82 वयाच्या, नुकताच झटका येऊन गेलेल्या 1,027 वृद्धांवरच्या चाचणीत दिवसाला सुमारे दोन ग्रॅम दिले गेले. झटके, पक्षाघात, मृत्यू यांत काही घट झाली नाही, आणि ठेक्याचा हा विकार 7.2 टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात 4 टक्क्यांना. हा फरक गणिताच्या कसोटीत थोडक्यात बसला नाही, पण दिशा तीच होती. 2021 मध्ये सात चाचण्यांमधली 81,210 माणसं एकत्र मोजली गेली तेव्हा चित्र स्पष्ट झालं : दिवसाला एक ग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्यांमध्ये धोका 49 टक्क्यांनी जास्त, एक ग्रॅम किंवा कमी घेणाऱ्यांमध्ये 12 टक्क्यांनी. युरोपच्या औषध नियामकांनी 2023 मध्ये ओमेगा-3च्या औषधांच्या माहितीपत्रकात या विकाराची नोंद नेहमी आढळणारा दुष्परिणाम म्हणून करायला लावली.

वैद्यकाने हा धडा याआधी एकदा फार मोठ्या किमतीला घेतला आहे. 1980च्या दशकात झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या ठेक्यातले जास्तीचे ठोके दाबण्यासाठी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं दिली जात. ठोके दबत असत, ईसीजीवर ते डोळ्यांना दिसत असे, आणि जास्तीचे ठोके धोक्याचे म्हणून ते दाबणं चांगलं हे इतकं उघड वाटत होतं की त्याची चाचणी घेणंच काहींना अनैतिक वाटलं. चाचणी झाली. 1991 मध्ये पूर्ण आकडे प्रसिद्ध झाले : 1,498 रुग्णांपैकी औषध घेणाऱ्यांत 63 मृत्यू, खोटी गोळी घेणाऱ्यांत 26. त्या डॉक्टरांचा हेतू शुद्ध होता, तर्कही सुसंगत होता. उणीव फक्त प्रमाणाची होती.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. चार ग्रॅमचे आकडे दाखवून एक ग्रॅमची भीती घालणं योग्य आहे का? ‘व्हायटल’ चाचणीतल्याच 25,119 जणांच्या ठेक्याचा पाच वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला गेला, आणि 2021 मध्ये निकाल आला : कॅप्सूल घेणाऱ्यांत 3.7 टक्के, न घेणाऱ्यांत 3.4 टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. हे मी पूर्ण मान्य करतो. दिवसाला एक साधी कॅप्सूल घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने घाबरून जावं असं या आकड्यांत काहीच नाही. 2024 मध्ये ब्रिटनमधल्या चार लाखांहून अधिक लोकांचा एक अभ्यास आला, त्यात हृदयविकार नसलेल्या नियमित कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन 13 टक्क्यांनी जास्त दिसलं. तो माझ्या बाजूचा असला तरी मी त्यावर भार टाकणार नाही, कारण त्यात चिठ्ठ्या टाकून वाटणी नव्हती. जो उपाधीचा निकष ग्रीनलँडला लावला तोच इथेही लावायला हवा. त्याच अभ्यासात आधीच हृदयविकार असलेल्या लोकांमध्ये पुढच्या काही टप्प्यांवर लाभ दिसला, तोही त्याच कारणाने मी बाजूला ठेवतो. पण आक्षेप मान्य केल्यावर काय उरतं ते पाहा. धोका लहान आहे, कदाचित नगण्य आहे. लाभ? निरोगी वृद्धासाठी मुख्य मापावर लाभ सापडलेला नाही. लहान धोका मोठ्या लाभासाठी पत्करणं शहाणपणाचं असतं. सिद्ध न झालेल्या लाभासाठी लहान धोका पत्करण्याला काय म्हणायचं? शिवाय कॅप्सूल एकच राहील याची खात्री नाही. ‘चांगलं आहे’ एवढंच ज्ञान असलेला माणूस एकाच्या दोन आणि दोनाच्या चार सहज करतो, कारण ‘चांगलं’ या शब्दाला मात्रा नसते.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे : चार ग्रॅमने मोठा लाभ झाल्याचंही सिद्ध झालंय, त्याचं काय? खरंच झालंय. ‘रिड्यूस-इट’ चाचणीत 8,179 रुग्ण होते. त्यांच्या रक्तातलं ट्रायग्लिसराइड हे मेदद्रव्य वाढलेलं होतं, त्यांना आधीच हृदयविकार होता किंवा मधुमेहासह इतर धोके होते, आणि ते कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन हे औषध घेत होते. त्यांना माशाच्या तेलातल्या एकाच मेदाम्लाचं शुद्ध औषधी रूप दिलं गेलं. सुमारे पाच वर्षांत झटका, पक्षाघात, मृत्यू अशा घटना 22 टक्क्यांवरून 17.2 टक्क्यांवर आल्या. त्याच वेळी या ठेक्याच्या विकाराने रुग्णालयात दाखल होणारे 2.1 वरून 3.1 टक्के झाले. तुलनेच्या गटाला दिलेल्या खनिज तेलानेच अपाय होऊन फरक फुगला असावा, हा वाद अजून मिटलेला नाही, पण तो सोडून आकडे जसेच्या तसे घेतले तरी शंभरांत जवळपास पाच जणांचं मोठं संकट टळलं आणि आणखी एकाला ठेक्याच्या विकाराने रुग्णालयात जावं लागलं. अशा रुग्णाला डॉक्टरांनी हे औषध द्यायचं ठरवलं तर तो निर्णय पुराव्यावर उभा आहे, आणि शाकाहारी माणसाचा आपद्धर्मही तिथे खऱ्या अर्थाने लागू होतो. यातून माझं म्हणणं खोडलं जात नाही, उलट त्याला नेमका आकार येतो. हित हा द्रव्याचा गुण नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निवेश गुरूला हित आणि अहित यांचं लक्षण विचारतो, तेव्हा चर्चा याच मुद्द्यावर येते : मात्रा, काळ, संस्कार, भूमी, देह, दोष यांच्या फरकाने जे हितकर तेच अहितकर होतं. चरकाने प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तोपदेश यांच्या जोडीला युक्ती हे परीक्षेचं चौथं साधन मानलं. अनेक कारणं एकत्र येऊन फळ कसं निपजतं हे ओळखणारी बुद्धी म्हणजे युक्ती. ‘माशाचं तेल हृदयाला चांगलं की वाईट?’ हा प्रश्न तिच्या कसोटीवर अर्धवट ठरतो. कुणाच्या हृदयाला, किती, कशासाठी, हे जोडल्याखेरीज त्याला उत्तरच नाही.

मग ताटातला मासाही सोडायचा का, हा मासे खाणाऱ्यांचा आक्षेपही याच ठिकाणी सुटतो. अमेरिकेतल्या पासष्टीपुढच्या लोकांच्या 2004च्या एका अभ्यासात भाजलेला किंवा ओव्हनमध्ये शेकलेला मासा नियमित खाणाऱ्यांमध्ये हाच ठेक्याचा विकार कमी आढळला, तळलेला खाणाऱ्यांमध्ये नाही. आपल्या किनाऱ्यावरचे बांगडा आणि तारली चांगले तेलकट मासे आहेत, आणि ते ताटातून काढून टाकण्याचं कुठलंही कारण या चाचण्यांत नाही. पण ताटातल्या बांगड्याबरोबर प्रथिनं येतात, भात येतो, न खाल्लेल्या दुसऱ्या पदार्थाची जागा भरते, आणि आठवड्याचे दोन-तीन दिवस सोडले तर तो येतच नाही. त्यातून एक घटक वेगळा काढून, घट्ट करून, रोज दिला की ती नवी कृती झाली. जुन्या कृतीचं पुण्य नव्या कृतीच्या नावावर आपोआप जमा होत नाही.

तिसरा आक्षेप थकव्यातून येतो. आज चांगलं म्हणतात, उद्या वाईट, परवा पुन्हा चांगलं. मग आपल्या मनाला पटेल ते करावं, हेच बरं नाही का? चार्वाकांनी हीच गोष्ट फार धारदारपणे विचारली होती : सर्व काळ आणि सर्व देश पाहिल्याखेरीज कुठलीच व्याप्ती खात्रीची नाही, मग अनुमानावर विश्वास का ठेवायचा? उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत दिलेलं उत्तर मला आजही पुरेसं वाटतं. शंकेची मर्यादा आपलं स्वतःचं वागणं ठरवतं. धुरासाठी विस्तव पेटवणारा आणि तहान लागल्यावर पाणी पिणारा माणूस कार्यकारणभावावर शंका घेतो तेव्हा तो आपल्याच कृतीशी व्याघात करतो. जो कॅप्सूल गिळतो त्याने कार्यकारणभाव आधीच मान्य केला आहे. गिळताना कारणावर भरवसा ठेवायचा आणि पुरावा विचारला की सगळं ज्ञानच अनिश्चित आहे म्हणायचं, हे दोन्ही एकत्र चालत नाही. आणि निकाल बदलले ते लहरीने बदललेले नाहीत. नुसत्या पाहण्याकडून वाटणी केलेल्या चाचणीकडे, शेकड्यांकडून हजारांकडे, आणि स्टॅटिन सर्रास नसलेल्या काळाकडून ती सर्रास मिळणाऱ्या काळाकडे आपण आलो. दिवा जवळ आणल्यावर वस्तू वेगळी दिसली, तर त्यावरून दिवा फसवा आहे हे सिद्ध होत नाही.

शेवटचा आक्षेप श्रद्धेचा आहे, आणि मला तो सर्वांत जवळचा वाटतो. म्हाताऱ्या माणसाला आपण आपल्या हृदयासाठी काही करतोय याचं समाधान मिळतं, दूर राहणाऱ्या मुलाला आई-वडिलांसाठी काही पाठवल्याचं. हे समाधान खरं आहे, त्याला आकड्यांनी का मोजायचं? अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी 1896 मध्ये श्रद्धेचा असा अधिकार मांडला होता, पण त्यांनी त्याला अट घातली होती : बुद्धीने आणि पुराव्याने ज्याचा निवाडा होऊच शकत नाही, आणि निवड टाळताही येत नाही, तिथेच हृदयाचा कौल मान्य. ईश्वर आहे की नाही हा प्रश्न तसा असेल. माशाच्या तेलाने ठेका बिघडतो की नाही, हा प्रश्न तसा नाही, त्याचा निवाडा मोजून होतो. त्याआधी 1877 मध्ये इंग्लिश गणिती व तत्त्वज्ञ क्लिफर्ड यांनी एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं होतं. जहाज जुनं झालंय ही शंका तो मनातून घालवून टाकतो, ते सुरक्षित आहे असा प्रामाणिक विश्वास धरतो आणि प्रवाशांना समुद्रावर पाठवतो. क्लिफर्ड म्हणतात, जहाज बुडालं तर तो दोषी आहेच, न बुडता परतलं तरीही तितकाच दोषी आहे, कारण तो विश्वास धरण्याचा अधिकार त्याने कमावला नव्हता. ही तुलना मुलांच्या प्रेमावर आरोप करण्यासाठी नाही. त्यांच्या हातात तपासणीची साधनं फारशी नसतात, आणि बाटलीवरची भाषा त्यांना मदत करत नाही. अमेरिकेत 1994च्या कायद्याने अशा पूरकांना विक्रीपूर्वी परिणाम सिद्ध करण्याची सक्ती नाही, म्हणून ‘हृदयाच्या आरोग्याला साहाय्य करते’ अशा धाटणीची वाक्यं छापता येतात. हे वाक्य खोटं कधी ठरेल? कुठली घटना घडली तर कंपनीला ते मागे घ्यावं लागेल? कुठलीच नाही. जे कधीच खोटं ठरू शकत नाही त्या वाक्याने काही सांगितलेलंच नसतं, पण ऐकणाऱ्याला काहीतरी सांगितल्यासारखं वाटतं, आणि त्या वाटण्यावर अमेरिकेतल्या साठीपुढच्या साधारण पाचांतल्या एकाच्या घरी ही बाटली असते. आप्तवचनाला प्रमाण मानताना न्यायशास्त्राने अट घातली होती की बोलणाऱ्याला विषय ठाऊक असावा आणि तो जसा आहे तसा सांगण्याची त्याची इच्छा असावी. बाटलीवरचा मजकूर या अटीत बसत नाही. वडिलांच्या डॉक्टरांचा शब्द बसतो, आणि तो विचारायला एक फोन पुरतो : ही कॅप्सूल यांना कशासाठी, किती, आणि यांची नाडी अलीकडे बेताल लागते का? ट्रायग्लिसराइडसाठी लिहून दिलेली असेल तर ती कुणी आपल्या मनाने बंद करू नये. कुणीच लिहून दिलेली नसेल, तर ती का चालू आहे याचं उत्तर घरात कुणाकडे तरी असायला हवं.

उषस्तीच्या गोष्टीचा एक भाग सांगायचा राहिला. खाऊन उरलेले दाणे तो बायकोसाठी घेऊन गेला. तिला तोपर्यंत दुसरीकडे भिक्षा मिळाली होती, तिने ते खाल्ले नाहीत, ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्यावर त्याला आठवलं की राजाचा यज्ञ होणार आहे, आणि थोडं अन्न पोटात गेलं तर तिथवर जाऊन ऋत्विजाचं काम मिळवता येईल. बायकोने तेच दाणे पुढे केले. ते आता उष्टे तर होतेच, शिळेही झाले होते. गरज पुन्हा उभी होती. त्याने ते खाल्ले आणि तो यज्ञाकडे निघाला.